घरमालकाने वीज-पाणी अडवले तर : स्वतंत्र मीटर घ्यावे की न्यायालयात जावे?

विदर्भातल्या खेड्यात भाड्याने राहणाऱ्या शिक्षकाला, आरोग्यसेविकेला किंवा बँकेच्या कर्मचाऱ्याला वीज-पाणी बहुधा घरमालकाच्याच मीटरवरून आणि नळावरून मिळते; मेन स्विच त्याच्या ओसरीत असतो आणि पाण्याचा कॉक त्याच्या अंगणात. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे गेलेला असताना "रात्री दहानंतर कूलर बंद" असे त्याने सांगितले, किंवा भाडेवाढ मान्य होत नाही म्हणून टाकीचे पाणी तोडले, तर घरात तान्हे मूल किंवा म्हातारी माणसे असलेल्या कुटुंबाच्या ते जिवावर बेतू शकते. अशा वेळी मुख्यतः दोन मार्ग उरतात.

पहिला मार्ग महावितरणकडे स्वतःच्या नावाने जोडणी मागण्याचा. वीज कायदा, २००३ च्या कलम ४३ प्रमाणे जागेचा मालक किंवा ती जागा ताब्यात असलेली व्यक्ती, यांपैकी कोणीही वीजपुरवठा मागू शकते. घरमालक ना-हरकत देत नाही एवढ्याच कारणाने भाडेकरूला वीज नाकारता येत नाही. अर्जदार त्या जागेत प्रत्यक्ष राहतो की नाही एवढेच वीज कंपनीने पाहायचे आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. तरीही गावातल्या कार्यालयात पहिल्याच फेरीत "मालकाची सही आणा" असे ऐकावे लागण्याची शक्यता असते. म्हणून अर्ज लेखीच द्यावा, पोच घ्यावी, आणि भाडेकरार, भाड्याच्या पावत्या किंवा यूपीआयच्या नोंदी यांसारखे ताब्याचे पुरावे सोबत जोडावेत. अनामत आणि जोडणीचा खर्च आपल्यालाच सोसावा लागतो, पण नंतर कूलर किती वाजेपर्यंत चालवायचा हे आपण ठरवतो आणि घरमालकाने आपल्या मीटरमागे लावलेल्या सबमीटरवरच्या दराचा वादही मिटतो. पाण्याचा प्रश्न मात्र या मार्गाने सुटत नाही.

दुसरा मार्ग न्यायालयाचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २९ नुसार घरमालकाला योग्य आणि पुरेशा कारणाशिवाय अत्यावश्यक पुरवठा तोडता किंवा रोखता येत नाही. त्यात पाणी, वीज, जिन्यातले दिवे आणि स्वच्छतेची सोय हे सारे येते. इतकेच नव्हे, तर घरमालकाच्या कृतीमुळे किंवा हयगयीमुळे संबंधित यंत्रणेने पुरवठा तोडला, तरी तो त्यानेच रोखला असे धरले जाते. गरज पटल्यास न्यायालय त्याला नोटीस काढण्यापूर्वीच अंतरिम आदेश देऊ शकते. तालुक्याच्या ठिकाणी हा अर्ज सहसा कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे करावा लागतो. पाणी तोडले असेल, तर माझ्या मते हाच मार्ग खरा उपयोगाचा आहे.

मात्र खेड्यातल्या भाडेकरूने एक गोष्ट आधी तपासलीच पाहिजे. हा अधिनियम प्रत्येक गावाला आपोआप लागू होत नाही. त्याच्या अनुसूचींत नमूद केलेल्या आणि नंतर अधिसूचनेने जोडलेल्या क्षेत्रांनाच त्याचे संरक्षण मिळते. शिवाय करार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे जागा वापरण्याची केवळ परवानगी देणारा असेल, तर कलम २९ मधला भाडेकरूचा हक्क सांगणे कठीण जाते. गाव अधिनियमाबाहेर असेल, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ मधल्या निर्वेध उपभोगाच्या, म्हणजे जागा विनाअडथळा वापरण्याच्या हक्कावर दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागता येतो. पण तिथे महिन्याच्या भाडेपट्ट्यावरचा भाडेकरू १५ दिवसांच्या नोटिशीने काढता येतो, हेही ध्यानात ठेवावे लागते.

म्हणून मुक्काम शाळेचे सत्र संपेपर्यंतचाच असेल, तर मी दोन्ही मार्गांऐवजी गावातल्या जाणत्या माणसांसमोर लेखी समझोता करून घेण्याचा सल्ला देईन. काही वर्षे राहायचे असेल, तर मीटरचा अर्ज आजच करावा आणि पाण्यासाठी तालुका विधी सेवा समितीचे दार ठोठवावे. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

कोणताही मार्ग निवडला, तरी रागाच्या भरात भाडे थांबवू नये. भाडे नियंत्रण अधिनियमाचे संरक्षण भाडे देणाऱ्याला आणि देण्यास तयार असणाऱ्यालाच आहे. घरमालक पैसे घेत नसेल, तर ते मनीऑर्डरने पाठवावेत आणि नाकारल्याचा शेरा असलेली पावती जपून ठेवावी.