लेन्स बसते, पण फोकस होत नाही: पहिला कॅमेरा घेताना झालेली फसवणूक

लेन्स बदलता येणारा पहिला कॅमेरा मी घेतला, तेव्हा विक्रेत्यानं सांगितलेल्या बहुतेक गोष्टी खऱ्या होत्या. मी फसले ते त्यामुळेच. सगळंच धडधडीत खोटं बोलला असता तर मला शंका आली असती, कारण महिनाभर वाचून, तुलना करून मग मी गेले होते. पण अर्धं सांगून अर्धं दडवणारा माणूस नवशिक्याला ओळखता येत नाही. हे लिहिते आहे ते तुमच्यापैकी कुणी आत्ता पहिल्या कॅमेऱ्याच्या शोधात असेल म्हणून.

मला निकॉनचा डी३५०० हवा होता. वजनाला हलका आणि शिकायला सोपा, म्हणून सगळे सुचवत होते. सोबत १८-५५ची किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबर मिळते ती साधी लेन्स; आकडे मिलिमीटरचे, आकडा मोठा तितकं लांबचं टिपता येतं), आणि पक्ष्यांचे फोटो काढायची हौस म्हणून लांबचं टिपणारी एखादी झूम. विक्रेत्याकडे ‘सेट’ तयारच होता: बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा), १८-५५, एक ७०-३००, बॅग, ट्रायपॉड आणि लेन्सच्या पुढे फिरवून बसवायच्या दोन जाडजूड काचा. इतकं सगळं मिळून किंमत बॉडी आणि किट लेन्सपेक्षा थोडीशीच जास्त. खोक्याचं सील फोडलेलं दिसलं तेव्हा मी विचारलं. तो म्हणाला, “मॅडम, दाखवायला उघडलाय फक्त, माल कोरा आहे.”

त्यानं बॅटरी घातली, १८-५५ लावली आणि कॅमेरा माझ्या हातात दिला. मी समोरच्या शेल्फचा एक फोटो काढला. स्क्रीनवर फाइलचं नाव आलं: डीएससी_०००१. “बघा, पहिला फोटो तुमच्याच हातून!” तो म्हणाला. मला इतका आनंद झाला की पुढचं काही विचारावंसंच वाटलं नाही.

तरी ७०-३०० लावून पाहू का, असं मी म्हटलं होतं. “इथे लेन्स काढू नका. आत धूळ गेली, सेन्सरवर बसली, तर प्रत्येक फोटोत डाग दिसतील.” सेन्सर म्हणजे आतला फोटो टिपणारा भाग. हे खरंच आहे, मी वाचलेलंही होतं. “पण या बॉडीला बसेल ना?” “निकॉनचा एफ माउंट १९५९ पासून तोच आहे. बसणारच.” माउंट म्हणजे लेन्स बॉडीला जिथे अडकते ते कडं. हेही खरं. लेन्स पाउचमधून बाहेर न काढताच मी पैसे दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीसमोरच्या फांदीवर पक्षी आला. ७०-३०० लावली, बटण अर्धं दाबलं. काहीच हललं नाही. १८-५५ क्षणात फोकस धरत होती, ही मात्र ढिम्म. व्ह्यूफाइंडरमध्ये नुसता धूसर ठिपका. मी विक्रेत्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, “मोठ्या लेन्सला हातानं फोकस करतात, मॅडम. प्रोफेशनल लोक तसंच करतात. हात बसेल हळूहळू.”

आठ दिवस मी हात बसवत होते. रिंग फिरवायची, फोकस झाल्याची खूण म्हणून व्ह्यूफाइंडरच्या कोपऱ्यातला हिरवा ठिपका पेटायची वाट बघायची, तोवर पक्षी उडालेला असायचा. रोज रात्री कंप्युटरवर शंभरभर फोटो उघडायचे आणि शंभरच्या शंभर पुसून टाकायचे. आपल्याला डोळा नाही, आपला हात स्थिर नाही, हे आपल्याच्यानं होणार नाही, असं मनानं घ्यायला लागलं होतं. पैशांपेक्षा मला या आठ दिवसांचा राग जास्त येतो. नवशिक्याला जमत नसलं की तो आधी स्वतःला दोष देतो आणि फसवणाऱ्याला ते पक्कं माहीत असतं.

शेवटी ओळखीच्या एका अनुभवी फोटोग्राफरला कॅमेरा दाखवला. त्यांनी ७०-३०० काढून उलटी धरली. मागच्या धातूच्या कड्यात स्क्रूच्या डोक्यावर असते तशी एक बारीक खाच होती. “हिच्यात मोटर नाही,” ते म्हणाले. “बॉडीतल्या मोटरचं टोक या खाचेत बसतं आणि ते फिरलं की फोकस होतो. आता तुझ्या बॉडीचं कडं बघ.” त्यांच्या जुन्या डी७०००च्या कड्यातून छोट्या स्क्रूड्रायव्हरसारखं टोक डोकावत होतं. माझ्या कड्यावर त्या जागी काहीच नव्हतं. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांच्या बॉडींत ही मोटर नसतेच. त्यांना लेन्सच मोटरवाली लागते, म्हणजे नावात एएफ-एस किंवा एएफ-पी असलेली. माझ्या लेन्सवर नुसतं ‘एएफ’ होतं. एका अक्षराचा फरक, पण माझ्या बॉडीवर ती स्वतःहून कधीच फोकस करणार नव्हती.

मग त्यांनी माझा अगदी पहिला फोटो मागितला, तो शेल्फचा. निकॉनच्या फाइलमध्ये शटर, म्हणजे फोटो काढताना उघडझाप करणारा आतला पडदा, आजवर किती वेळा उघडलं तो आकडा लिहिलेला असतो आणि मोफत सॉफ्टवेअरनं तो वाचता येतो. आकडा त्रेचाळीस हजारांच्या पुढे होता. फाइलच्या नावातलं ०००१ हा पुरावा नव्हेच, कारण मेनूत जाऊन ते नंबर कुणालाही पुन्हा एकपासून सुरू करता येतात. नंतर बॉडीच्या तळाचा सिरीयल नंबर आणि खोक्यावरचा नंबर शेजारी ठेवून पाहिले, तर शेवटचे तीन आकडे वेगळे. वॉरंटी कार्ड खोक्याशी जुळत होतं, कॅमेऱ्याशी नाही. डी३५००चं शटर १,००,००० वेळा चालेल अशी चाचणी केलेली असते, म्हणजे कॅमेरा निकामी झालेला नव्हता. जुना म्हणून, जुन्याच्या भावात दिला असता तर माझी तक्रारही नसती.

मी परत गेले. बिलावर लिहिलं होतं ‘कॅमेरा सेट – १’. मॉडेल नाही, सिरीयल नंबर नाही, लेन्सचं नाव नाही. “पहिला फोटो तर तुम्हीच काढलात,” हे त्यानं मला पुन्हा ऐकवलं. माझ्याकडे त्याला दाखवायला काहीच नव्हतं.

म्हणून कळकळीनं सांगते, बिलावर बॉडीचं मॉडेल, लेन्सचं पूर्ण नाव आणि दोन्हींचे सिरीयल नंबर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. नंबर खोका, कार्ड आणि प्रत्यक्ष वस्तू अशा तिन्ही ठिकाणी स्वतः वाचा. प्रत्येक लेन्स काउंटरवरच लावून बघा. कॅमेरा बंद करून, तोंड खाली धरून झटपट लेन्स बदलली तर धुळीचा बाऊ करायचं कारण नाही, आणि बसलेली धूळ साफही करता येते. आपलं स्वतःचं मेमरी कार्ड घालून एक फोटो काढा, घरी आणा, आकडा बघा आणि मग व्यवहार करा. कॅननच्या बहुतेक मॉडेलांत हा आकडा फोटोच्या फाइलमध्ये नसतो, तिथे वेगळा मार्ग शोधावा लागतो. कॅमेरा जुना असेल तर पांढऱ्या भिंतीचा फोटो एफ/१६ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान ठेवून, काढा, सेन्सरवरचे डाग लगेच दिसतात. लेन्समधून टॉर्चचा उजेड आरपार सोडा. बुरशी असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतील. आणि त्या फुकटच्या जाड काचांना भुलू नका. माझ्या दोन्ही काचांनी फोटोच्या कडा नुसत्या विरघळून जातात.

मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा, घेणाऱ्यांनी तर ‘बसेल ना?’ हा प्रश्न एकटा विचारूच नये. ‘ऑटोफोकससकट चालेल ना, आणि या माउंटच्या नव्या लेन्स अजून निघतात का?’ असं विचारा. माझी ७०-३०० निकॉनच्या एफटीझेड अॅडॅप्टरनं (मध्ये बसवायच्या जोडकड्यानं) त्यांच्या मिररलेस झेड बॉडीवरही बसते, पण त्यातही मोटर नसल्यानं फोकस हातानंच. कॅननचा ईएफ-एम माउंट २०१२ मध्ये आला आणि आरएफ २०१८ मध्ये. दोन्ही एकाच कंपनीचे मिररलेस, तरी आरएफ लेन्स ईएफ-एम बॉडीवर लागत नाही. माउंट आणि सेन्सर यांच्यातल्या अंतरात फक्त दोन मिलिमीटरचा फरक आहे, मध्ये अॅडॅप्टर बसवायला जागाच नाही. ईएफ-एम आता बंद झाला आहे. निकॉन १ आणि सॅमसंगचा एनएक्स हे मिररलेस माउंटही बंद झाले. अशा बॉडी ‘मिररलेस, एकदम स्वस्त’ म्हणून पुढे केल्या जातात. त्यांनी फोटो चांगले निघतात, पण दुसरी लेन्स घ्यायची वेळ आली की जुन्या बाजारात शोधत फिरावं लागतं, आणि लेन्स बदलता यावी म्हणूनच तर आपण हा कॅमेरा घेतो.

७०-३०० मी वर्षभरानं विकली. घ्यायला आलेल्या मुलाला आधीच सांगितलं की बॉडीत मोटर असेल तरच घे. त्याच्याकडे डी७१०० होता. त्यानं लेन्स लावली, समोरच्या झाडावर रोखली आणि बटण अर्धं दाबलं. बारीक कर्रकन आवाज झाला, लेन्सचा पुढचा भाग गर्रकन फिरून जागेवर थांबला. त्या लेन्सला स्वतःहून फोकस करताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.