पोत्यावर २८ टक्के, पोत्यात मका आणि युरिया

निपाणी-चिकोडीपासून खानापूरपर्यंत शेततळ्यांवर माशांचं हे तरंगतं खाद्य टेम्पोतून थेट बांधावर येतं. पोत्यावर ‘प्रथिनं २८ टक्के’ आणि दर दुकानापेक्षा कमी. विकणारा बादलीभर पाणी मागतो, मूठभर दाणे टाकतो. “मामा, बघा की, बुडतंय काय?” आमच्यातले बरेच जण इथंच गार झाले. पण तरंगणं ही मशीनची करामत आहे. वाफेनं पिष्ट फुगतं आणि दाणा हलका होतो. मका, तांदळाची कणी भरपूर घातली की उलट झकास तरंगतो.

आता २८ चा आकडा. प्रयोगशाळा प्रथिन थेट मोजत नाही, नायट्रोजन मोजून ६.२५ ने गुणते. युरियात नायट्रोजन ४६ टक्के. म्हणजे शंभर किलोत दोन किलो युरिया मिसळला की कागदावर साडेपाच टक्क्यांवर प्रथिन वाढतं; बावीसचा माल सत्तावीसच्या पुढं जातो. गाई-म्हशीच्या पोटातले जिवाणू थोड्या युरियाचं प्रथिन करतात, रोहू-कटल्याला ती सोय नाही. युरिया पाण्यात विरघळून अमोनियाच वाढवतो.

घरच्या घरी बघायचं तर दोन ग्लास कोमट पाणी घ्या. दोन्हींत चमचाभर कुटलेलं खाद्य टाका. एकात चमचाभर कच्च्या सोयाबीनचं पीठ घाला (भाजलेलं चालत नाही, त्यातलं युरियाचा अमोनिया करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, मेलेलं असतं). झाकून अर्धा तास ठेवा. पीठ घातलेल्या ग्लासाला अमोनियाचा उग्र वास आला आणि दुसऱ्याला नाही, तर युरिया आहे. वाळूची भेसळ बघायला मूठभर खाद्य रात्रभर भिजवून ढवळा. तळाला बसलेला गाळ बोटांत चोळला की कळतं.

खरी लूट मात्र तक्त्यात असते. पोत्यासोबत मिळणारा ‘रोजचा खुराक’ तळ्यात सोडलेल्या बोटुकल्यांवर (बोटाएवढ्या पिल्लांवर) काढलेला असतो, जिवंत माशांवर नव्हे. समजा, २,००० सोडली, मासा २५० ग्रॅमचा झाला. तक्ता ५०० किलो वजन धरून चार टक्के, म्हणजे रोज २० किलो घालायला सांगतो. प्रत्यक्षात १,४०० जगली असतील तर वजन ३५० किलो, आणि या वयाला दोन टक्के पुरतात : ७ किलो. उरलेले १३ किलो तळाला कुजतात. त्यानं पाण्यातला प्राणवायू कमी पडतो, मग पहाटे मासे तोंड वर काढतात, आणि तोच माणूस औषधाची बाटली घेऊन हजर! दर पंधरा दिवसांनी जाळं टाकून पन्नासेक मासे तोला, खुराक नव्यानं काढा. पंधरा-वीस मिनिटांत संपत नसेल तर कमी करा. ढगाळ दिवशी निम्माच.

दराचा हिशेब पोत्यावर नको, माशावर करा. चाळीस रुपयांचं खाद्य दीड किलो लागून एक किलो मासा झाला तर साठ रुपये. तिसाचं तीन किलो लागलं तर नव्वद.

“बिल घेतलासा तर जीएसटी पडतोय,” हेही ऐकायला मिळतं. साफ खोटं. माशांच्या खाद्यावर जीएसटी शून्य आहे. बिल टाळायचं ते बॅच नंबर कागदावर येऊ नये म्हणून. बिल घ्याच. प्रत्येक बॅचचं अर्धा किलो खाद्य, दोन साक्षीदारांसमोर सीलबंद करून, कोरड्या जागी ठेवा. आणि तपासणीला पाठवताना अर्जात ‘युरिया वेगळा तपासावा’ असं लिहा, नाहीतर नुसत्या प्रथिनाच्या चाचणीत हा माल पास होऊन परत येतो.