रायरेश्वरावर सहकुटुंब : सात महिन्यांत तीन मुक्काम

ऑक्टोबरात भोरजवळच्या रायरेश्वराच्या पठारावर पहिल्यांदा जाऊन आले तेव्हाच लिहायला बसले होते. नाही लिहिलं ते बरंच झालं. तेव्हा नुसती सोनकीची फुलं, ढग आणि पिठलं-भाकरी एवढंच उतरलं असतं. डिसेंबरात लिहिलं असतं तर फक्त कुरकुर. आता मे महिन्यातला तिसरा मुक्काम उरकून आलोय, पाठीवरचं ऊन अजून सोलवटतंय, तेव्हा जरा धड लिहिता येईल.

आम्ही पाच जण. मी, नवरा, तेरा वर्षांची लेक, सात वर्षांचा मुलगा आणि अडुसष्टच्या सासूबाई. तरुण ट्रेकर मंडळींचे अनुभव भरपूर वाचायला मिळतात, पण म्हातारं माणूस आणि लहान मूल घेऊन वर राहायचं तर काय, हे मला कुठेच धड सापडलं नव्हतं. म्हणून हा प्रपंच.

पुण्याहून भोर, तिथून आंबवडे आणि पुढे कोर्ले. कोर्ल्यानंतर घाट चढत गाडी थेट वरच्या खिंडीपर्यंत जाते. एका बाजूला केंजळगड, दुसऱ्या बाजूला रायरेश्वराचा कडा. रस्ता तिथे संपतो. पुढे थोडी पायवाट आणि मग कातळाला टेकवलेली लोखंडी शिडी. वर गेलं की साडेचार हजार फुटांच्या आसपास लांबच लांब सपाट पठार, त्यावर शेतं, देऊळ आणि पिढ्यान्‌पिढ्या रायरेश्वराची पूजा करणाऱ्या जंगमांची घरं. शिवरायांनी १६४५ साली मावळातल्या सवंगड्यांसह स्वराज्याची शपथ घेतली असं आपण शाळेपासून ऐकतो, ते हेच देऊळ. बाहेरून अगदी साधं, बुटकं. ‘एवढंच?’ असं मुलगा पहिल्यांदा म्हणाला होता. मेमध्ये तोच आजीच्या आधी जाऊन घंटा वाजवून आला.

आता शिडीबद्दल. चढायला ती अवघड मुळीच नाही, सात वर्षांचं पोर माकडासारखं वर जातं. पण सासूबाईंनी पहिल्या वेळी खालच्या दगडावर बैठक मारली. “मी इथेच बसते, तुम्ही जाऊन या.” दोन दिवसांचा मुक्काम होता हो! नवरा समजावतोय, मी समजावतेय, तेवढ्यात ज्यांच्याकडे उतरणार होतो त्या मावशी वरून आल्या. डोक्यावर रिकामा डबा, पायात साधी स्लिपर. त्यांनी डबा खाली ठेवला, सासूबाईंची पिशवी स्वतःच्या काखेत मारली आणि म्हणाल्या, “आजी, खाली बघू नका, वर बघू नका. हाताम्होरचा गज तेवढा बघायचा. मी मागं हाय.” सासूबाई गेल्या की वर! आणि वर गेल्यावर पहिलं वाक्य काय, तर “उगाच घाबरवत होता तुम्ही मला.” उतरताना मात्र तोंड शिडीकडेच ठेवून उतरा. सामान पाठीवर हवं, हातात काही नको. चाकांच्या बॅगा आणणारे लोक मी पाहिलेत, त्यांच्याविषयी काय बोलणार.

या शिडीचा अर्थ मला दुसऱ्या मुक्कामात कळला. वर जे जे आहे, ते कोणीतरी डोक्यावरून नाहीतर पाठीवरून नेलेलं आहे. साखर, सिमेंट, पत्रे, गॅसचं सिलिंडर. वर एक ट्रॅक्टरसुद्धा आहे, तो सुटे भाग करून चढवला आणि वर जोडला. हे कळल्यावर “अजून एक कप चहा मिळेल का” हे वाक्य तोंडातून जरा विचार करून निघायला लागलं.

घराचं सांगायचं तर हॉटेल डोक्यातून काढूनच जा. सारवलेली जमीन, कारवीच्या कुडाची एक भिंत, पडवीत म्हैस. आमची खोली म्हणजे त्यांचीच पुढची खोली. आम्ही झोपलो की ते मागच्या खोलीत झोपत. संडास भारतीय पद्धतीचा, घरापासून पन्नास-साठ पावलांवर, पाणी बादलीचं. स्वच्छ होता, हे मुद्दाम सांगते. सासूबाईंसाठी आम्ही डिसेंबरात प्लास्टिकची घडीची कमोड-खुर्ची पाठीला बांधून नेली. आतापर्यंतची आमची सर्वांत शहाणपणाची खरेदी तीच. वीज आहे, पण तिच्यावर विसंबू नका, टॉर्च प्रत्येकाला स्वतंत्र हवा. फोनची रेंज घरात नाही, देवळापुढच्या उंचवट्यावर गेलं तर मिळते. लेक पहिल्या दिवशी त्या उंचवट्यावरच राहायला गेल्यासारखी होती.

जेवण : इथे मी मुळीच तटस्थ नाही. नाचणीची भाकरी मीही करते घरी, पण ती चिरते. मावशी गरम पाण्यात उकड काढल्यासारखं पीठ आधी भिजवतात, परातीत तळहाताच्या टाचेने एवढं मळतात की ते चकाकायला लागतं, मग थापायला घेतात. परात अर्ध्या अर्ध्या बोटाने फिरत राहते, भाकरी आपोआप वाढत जाते. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात, उलटली की तवा बाजूला आणि भाकरी थेट चुलीच्या तोंडाशी निखाऱ्याला उभी. टम्म. मुलाने एका रात्री साडेतीन भाकऱ्या खाल्ल्या, घरी त्याला अर्धी पोळी जात नाही. सोबत पिठलं, लसणीची चटणी, सायीचं दही. त्यांच्याकडे शाकाहारच असतो, तेव्हा चिकन-बिकन मागून त्यांना अवघडवू नका. तिखट मात्र आधी सांगून कमी करून घ्या. सासूबाईंची पहिली रात्र उचकीतच गेली.

पैशांची एक तक्रार आहेच. पहिल्या वेळी आम्ही एका मध्यस्थामार्फत गेलो. माणशी १४०० रुपये आगाऊ भरले, जाहिरातीतल्या फोटोत तंबू, शेकोटी, झोपाळा वगैरे. यातलं काहीच नव्हतं. आणि गप्पांत कळलं की मावशींच्या हातात त्यातले ५०० पडतात, तेही महिन्याने. दुसऱ्या वेळेपासून थेट त्यांच्याच मुलाला फोन करून ठरवतो. आम्ही कमी देतो, त्यांना जास्त मिळतात.

डिसेंबर. आम्हीच मूर्ख होतो. पुण्यातली थंडी ती थंडी अशा समजुतीने एकेक स्वेटर घेऊन गेलो. दिवसा गव्हाच्या कोवळ्या हिरव्या शेतांवर सोनेरी ऊन, पोरं उघड्या अंगाने हुंदडली, आणि सूर्य बुडाल्यावर पठारावरचा वारा कुडातून आत शिरला तो पहाटेपर्यंत थांबला नाही. दोन-दोन गोधड्या घेऊनही मुलाला रात्री एकच्या सुमाराला भुंकल्यासारखा खोकला सुरू झाला. डॉक्टर गाठायचा तर भोर, आणि अंधारात शिडी उतरायची. नवऱ्याने बूटसुद्धा घातले होते. मावशींनी उठून चूल पेटवली, ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून त्याची छाती शेकली, त्याला चुलीपुढे मांडीवर घेऊन बसल्या. पहाटे तो झोपला. सकाळी आम्ही उतरलो, डॉक्टर म्हणाले फार काही नाही, पण ती रात्र मी विसरणार नाही. त्यानंतर महिनाभर मी ‘पुन्हा नाव काढू नका’ या मतावर ठाम होते. लहान मूल असेल तर त्याचं नेहमीचं औषध, थर्मामीटर, वाफेचं यंत्र नव्हे (वीज!), आणि कानटोपी. मोठ्यांनाही कानटोपी.

मेमध्ये उलटी तऱ्हा. सकाळी नऊनंतर पठारावर सावली शोधावी लागते. आम्ही पाचला उठून सप्तरंगी मातीपर्यंत गेलो. विटकरी, पिवळी, जांभळट, राखाडी अशी माती एकमेकींना चिकटून. लेकीने फोटो काढले, मुलाने खिसे भरले, मी रिकामे करायला लावले. येणारा प्रत्येक जण मूठभर नेणार असेल तर उरणार काय? दक्षिणेच्या कड्यावरून धोम धरणाचं पाणी दिसतं, तेव्हा ते आटून चांगलंच मागे सरकलेलं होतं. वर मात्र गोमुखातून पाणी येत होतं, बारीक धार. त्या धारेखाली हंडा भरायला किती वेळ लागतो ते पोरांनी रांगेत उभं राहून पाहिलं. त्या संध्याकाळी मुलाने एका तांब्यात हात-पाय-तोंड धुतलं आणि अर्धा तांब्या परत आणून दिला. घरी आल्यावर दोन दिवस ते टिकलं. मग पुन्हा शॉवर.

दुपारभर करवंदं, पत्ते आणि झोप. नवरा आणि लेक एका सकाळी केंजळगडावर जाऊन आले, कातळात कोरलेल्या पायऱ्या चढून. सासूबाई गेल्या नाहीत. त्या मावशींबरोबर कुरडया घालत बसल्या, आणि माझ्या मते तिघांत सर्वांत मजा त्यांनीच केली.

शनिवारी मात्र वीसेक जणांचा एक कळप स्पीकर घेऊन आला आणि रात्री बारापर्यंत पठार दणाणलं. तेव्हा जमलं तर सोमवार ते गुरुवार. आणि एकाच रात्रीसाठी येऊ नका, पहिला दिवस चढण्यात आणि अवघडण्यातच जातो.

परवा फोन केला होता. मावशी म्हणाल्या, “पावसात नका येऊ, आम्हालाच घराबाहेर पडवत नाही. दसऱ्याच्या पुढं या. येताना भोरातनं दोन किलो शेंगदाणे आणा, आणि शिडीपाशी आला की हाक मारा, आजीची पिशवी घ्यायला येते.”