एसपीएफ ५० चा स्प्रे आणि माझे नारिंगी केस

केस रंगवून झाले होते, आरशातली चॉकलेटी छटा बघून मी खूश होते आणि तेवढ्यात पार्लरमधली मुलगी म्हणाली, "मॅडम, उन्हात हा रंग टिकणार नाही हं. हा स्प्रे मारा, एसपीएफ ५० आहे." घेतला. त्या खुर्चीत बसलेली बाई काहीही घेते.

बाटलीवर ‘दिवसभर संपूर्ण संरक्षण’ असं लिहिलेलं, म्हणून मी टोपी घालणंच सोडलं. स्प्रेने केस चिकट व्हायचे, म्हणून रोज धुवायला लागले. दीड महिन्यात चॉकलेटीचं नारिंगी झालं. तक्रार केली तर उत्तर मिळालं, "तुम्ही कमी मारत असाल." आणि दुसरी बाटली पुढे आली. तीही मी घेतली, हे लिहिताना लाज वाटतेय.

ती अर्धी संपल्यावर मागचं लेबल वाचलं. पाणी, सिलिकॉन, सुगंध, प्रिझर्व्हेटिव्ह. बेन्झोफेनोन-४ सारखा अतिनील किरण शोषणारा एकही घटक नाही! शिवाय एसपीएफचा आकडा काढतात तो उन्हाने त्वचा किती लवकर लाल होते यावरून. केस काही भाजून लाल होत नाहीत. (माझे झाले, पण ते वेगळ्या अर्थाने.)

नारिंगी का, तेही मग कळलं. कायमस्वरूपी रंगातलं पेरॉक्साइड आपल्या केसांचा मूळ काळेपणाही थोडा उतरवतं. वरचा तपकिरी रंग उन्हाने आणि धुण्याने विरला की खालचा तांबूस थर उघडा पडतो. म्हणजे रोजच्या धुण्याने मीच त्या उन्हाला हातभार लावत होते.

पुन्हा रंग लावल्यावर टोकं कापून घेतली आणि त्यांच्या तीन बटा पुठ्ठ्यावर चिकटवून उन्हात ठेवल्या. एक कोरी, एक रोज स्प्रे मारलेली, एक जाड काळ्या कापडाखाली. तीन आठवड्यांनी पहिल्या दोघींत मला तरी फरक ओळखता येईना. कापडाखालची होती तशी तपकिरी.

तेव्हा असा स्प्रे कोणी पुढे केला तर आधी मागची बारीक अक्षरं वाचा, पैसे नंतर काढा. मी आता स्कार्फ बांधते, भांगही झाकला जाईल असा, आणि केस आठवड्यातून दोनदाच धुते. उरलेला स्प्रे गुंता सोडवायला वापरतेय. सिलिकॉनमुळे कंगवा मात्र झकास फिरतो.