फुकटच्या ब्लॉगचे १७,५१९ रुपये

आधी आकडा सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहिताना लाज कमी वाटेल. ९९९, मग ४,७२०, मग ११,८००. एकूण १७,५१९ रुपयांना फसले. साध्या ब्लाऊजची शिलाई मी अडीचशे घेते. म्हणजे सत्तर ब्लाऊज, वर १९ रुपये.

जाहिरात तुम्हीही पाहिलेलीच असणार. घरबसल्या ब्लॉगमधून कमाई, एक रुपयाही गुंतवणूक नाही. मी काही अडाणी नाही हो. तेरा वर्षं शिवणकाम करतेय, पैसे भरायला लावणाऱ्या कामाला हात लावायचा नाही एवढी अक्कल होती. पण हा जाहिरातवाला पैसे मागतच नव्हता! ताई ताई करत त्याने ब्लॉगस्पॉटवर ब्लॉग उघडून दिला. सगळं आवरलं की मी रात्री लिहायची: कटोरीचं कटिंग, मुंढ्याला चुणी का पडते, अस्तर आधी भिजवून का घ्यायचं. फोटोतले हातही माझेच. तेवीस लेख झाले. ब्लॉगस्पॉट गूगलचंच आहे, तिथे कुणालाही फुकट ब्लॉग उघडता येतो, हे नंतर कळलं. त्याने तो स्वतःच्या जीमेलवर उघडला होता. आता माझ्याच लेखांना मला हात लावता येत नाही. ब्लॉग स्वतःच्याच जीमेलवर उघडा, पासवर्ड दुसऱ्याच्या खिशात ठेवू नका.

महिन्याभराने त्याने एक लिंक पाठवली. त्यात डॉलर वाढताना दिसायचे. २१२ झाले तेव्हा म्हणाला, आता अॅडसेन्सचं (ब्लॉगवर जाहिराती दाखवून पैसे देणारी गूगलची सेवा) अप्रूव्हल, फक्त ९९९. दिले. मग टीडीएस, म्हणजे कमाईतून आधीच कापायचा कर: चार हजार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. करावर कर! तेव्हा मात्र हिशेब किती चोख आहे असंच वाटलं. आणि कर कापायचाच असेल तर त्या २१२ डॉलरमधून कापा ना, माझ्याकडून आधी कशाला?

पण मला रात्री झोपू देत नाही ती तिसरी वेळ. डॉलरचे रुपये करायचा चार्ज, ११,८००. क्यूआर स्कॅन केला आणि स्क्रीनवर नाव आलं कुठल्याशा मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानाचं. मी ते वाचलं. दोनदा वाचलं. अंगठा थांबला होता. गूगलचे पैसे मोबाईल दुरुस्तीवाल्याच्या गल्ल्यात कसे जातील? त्याला फोन लावला, तर म्हणे, "ताई, ते आमची फ्रँचायझी आहेत, पाच मिनिटांत लिंक बंद होईल." आणि मी पिन टाकला. कापडाला कात्री लावायच्या आधी तीनदा माप बघणारी बाई मी.

अॅडसेन्सचं खातं फुकट उघडतं. १० डॉलर झाले की पत्ता तपासायला एक पिन पोस्टाने घरी येतो, १०० झाले की पैसे थेट बँकेत. अप्रूव्हल करून देतो म्हणणाऱ्याचा फोन तिथेच ठेवा.

दोन दिवस लाजेने गप्प बसले, तेही चुकलंच. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, १९३० ला, लगेच फोन करायचा असतो, पैसे पुढे सरकायच्या आत अडवता येतात. मी केला तेव्हा त्यातले १,३४० तेवढे गोठले. पोलीस ठाण्यात साडेतीन तास बाकावर बसवलं आणि मग प्रश्न, "ओटीपी दिलात का?" नाही. "मग तुम्हीच पाठवलेत ना, मॅडम!" बाजूचा हसला. इथे लोकांचे लाखो जातात, तुमचे सतरा हजार, असंही ऐकवलं. बँकेचा शिक्का मारलेलं स्टेटमेंट आणा म्हणाले. बँकेत गेले तर पोलिसांचं पत्र आणा. पत्र आणलं तर शिक्क्याचे साहेब रजेवर. पुन्हा गेले तर, पिन तुम्ही टाकलाय, आमचा काही संबंध नाही. चार खेपांत दुकान बंद, लग्नसराईचं गिऱ्हाईक समोरच्या बाईकडे गेलं. आणि ते १,३४०? कोर्टाचा आदेश आणा म्हणे. तारखेला जायचंच भाडं किती होईल, विचार करा.

परवा आणखी एकाचा फोन आला. तक्रार क्रमांक अचूक सांगितला, पैसे परत मिळवून देतो, फाईल चार्ज फक्त १,५००. याला नंबर दिला कुणी? असे फोन तुम्हालाही येतील, तयार राहा.

ह्यांना अजून पहिले ५,७१९च माहीत आहेत. ११,८०० भिशीचे होते, आणि भिशी या १० तारखेला आमच्याच घरी आहे.