मान्तेन्याचे दोन सेबॅस्टियन

पंधराव्या शतकातल्या इटालियन चित्रकार आंद्रेआ मान्तेन्याने बाणांनी विंधलेला ख्रिस्ती हुतात्मा संत सेबॅस्टियन एकाहून अधिक वेळा रंगवला. व्हिएन्नातलं चित्र लाकडी फळीवरचं, जेमतेम ६८ सेंटिमीटर उंच. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातलं १४८०च्या सुमाराचं, कॅनव्हासवर, चांगलं अडीच मीटर. व्हिएन्नाच्या चित्रात नजर बारकाव्यांत गुंतते: ढगात दडलेला घोडेस्वार, खांबावर ग्रीक अक्षरांत उभी कोरल्यासारखी सही. देखणंच आहे ते, पण माझं मन लूव्रच्या चित्रापाशी अडकतं. तिथे संताच्या जिवंत पावलाशेजारी फुटक्या पुतळ्याचं दगडी पाऊल पडलंय. दोन्ही पावलं अगदी जवळजवळ. खाली कोपऱ्यात चित्राच्या कडेने छाटल्यासारखे दोन धनुर्धर, काम उरकून निघालेले. वर सेबॅस्टियनची नजर आकाशाकडे.