डबीवर १२.००० लिहिलं होतं, मी वाचलं नाही

तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेला आपोआप वाजणारी घंटा करून दिली. चौथ्या दिवशी गुरुजींचा फोन. "अहो, तुमची घंटा पोरांना फितूर झालीय. मधली सुट्टी अकरा मिनिटं आधीच दिली तिनं."

पहिला संशय स्वतःच्याच प्रोग्रॅमवर आला. रात्रभर तो उलटापालटा केला. हिशोब तसा सोपा: चिपचे ठोके १६ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला एक कोटी साठ लाख; त्यांना ६४ने भागायचं, टायमर २५६ मोजून उलटतो, म्हणजे दर १०२४ मायक्रोसेकंदांनी इंटरप्ट, चिपला हातचं काम थांबवायला लावणारी हाक. दरवेळी १०२४ जमा करायचे. बेरीज दहा लाखांवर गेली की सेकंद एकने वाढवायचा आणि दहा लाख वजा करायचे. बेरीज शून्य करायची नाही, उरलेली शिल्लक पुढे न्यायची. पुष्कळांचं इथंच चुकतं. माझं चुकलं नव्हतं.

मग राहिला बोर्ड. आर्डुइनो ऊनो या तयार, प्रोग्रॅम भरता येणाऱ्या बोर्डासारखे सहा बोर्ड मी ऑनलाइन मागवले होते, तेही आधी विचारून: मुख्य चिपला ठोके देणारा क्रिस्टल आहे, की त्याहून ढोबळ रेझोनेटर? "अस्सल क्रिस्टल सर, २० पीपीएम, इंडस्ट्रियल ग्रेड." पीपीएम म्हणजे दहा लाखांत किती चूक. सोबत फोटो. यूएसबीच्या तोंडाजवळ चकचकीत, लांबुळकी धातूची डबी. तेवढ्यावर मी भाळलो आणि नगामागे १८० रुपये जास्त दिले.

भिंग लावून पाहिलं तर डबीवर १२.०००. सोळा नाही, बारा! ती डबी यूएसबी सांभाळणाऱ्या सीएच३४० चिपची. वेळ मोजणाऱ्या एटीमेगा३२८पीचा तिच्याशी काडीचा संबंध नाही. त्या चिपशेजारी बसला होता तांदळाच्या कणीएवढा, तीन टोकांचा सिरॅमिक रेझोनेटर.

२० पीपीएमचा क्रिस्टल दिवसाला फार तर पावणेदोन सेकंद चुकतो. अर्धा टक्का चूक चालवून घेणारा रेझोनेटर सात मिनिटं चुकला तरी कागदोपत्री निर्दोष! रेझोनेटर वाईट असतो असं नाही. मूळ ऊनोतही मुख्य चिपला तोच असतो, दिवे-मोटारींना पुरतो. पण त्याला क्रिस्टल म्हणून जास्तीचे पैसे लावणं ही सरळ लबाडी.

जीपीएस मॉड्यूलच्या दर सेकंदाच्या पल्सशी ताडून पाहिलं. एका सेकंदात १,६०,००,००० ऐवजी १,६०,३०,५०० ठोके. दिवसाला पावणेतीन मिनिटं पुढे, चार दिवसांत अकरा. गुरुजींचा हिशोब चोख होता. प्रोग्रॅममध्ये दहा लाखांच्या जागी १०,०१,९०६ घालून पाहिले. सकाळी जमलं, दुपारी पत्रा तापल्यावर ठोके १,६०,२६,०००वर आले. क्रिस्टलची चूक बरीचशी एकाच जागी राहते, म्हणून आकडा बदलून ती काढता येते. ही मात्र उन्हाबरोबर हलत होती.

विक्रेता म्हणाला, "सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे सर, बाकी कुणाची तक्रार नाही." शिवाय परतीचे सात दिवस उलटलेले. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५वर, तक्रार केली. चॅट आणि भिंगातून काढलेला फोटो जोडला. तीन आठवड्यांनी चार बोर्डांचे पैसे आले. दोन बोर्डांना मी तारा जोडल्या होत्या, म्हणून ते "वापरलेले" ठरले.

तुम्ही घेत असाल तर मुख्य चिपच्या लगतचा फोटो मागा, आकडा वाचता येईल इतका जवळून. तिथं १६.००० छापलेली डबी हवी. आणि बोर्ड हातात पडला की तार जोडण्याआधी चोवीस तास नुसता चालवून मोबाइलशी ताडा. दहा सेकंदांहून जास्त फरक पडला तर परतीची मुदत संपायच्या आत परत पाठवा.

शाळेसाठी मी सुटी चिप, १६चा क्रिस्टल आणि २२ पिकोफॅरडचे दोन कपॅसिटर घेऊन नवं सर्किट जोडलं. ते होईपर्यंत शिपाईमामा रुळाचा तुकडा बडवत होते, मनगटावरचं घड्याळ बघून.

त्या जाहिरातीत फोटो अजून तोच आहे. मोठा करून पाहिलात तर १२.००० स्पष्ट वाचता येतं.